सहा मिनिटं थांबवलेली बस

नाई, पण सहा मिनिटं कोणी बोलते का हो? तुम्हीच सांगा काकाजी, तुमच्या हाताले घडी आहे... एका बाईपुढं, भर रस्त्यात, लोकायनं भरलेली बस उभी करून, एका दमात सहा मिनिटं? मी तेहत्तीस वर्षाचा झालो, अख्ख्या जिंदगीत सहा मिनिटं सलग बोललो नाई, शाळेत भाषणाले उभं केलं होतं तवा 'अध्यक्ष महाशय' म्हटलं अन् खाली बसलो, अन् तो माणूस बोलते, सहा मिनिटं बोलते, अन् बसमधले लोकं आयकून राह्यले, कोणी बेल नाई मारत, कोणी शिवी नाई देत! होते का असं कुठं? सरका बरं थोडे, ह्या गठुड्यावाल्या मायचा डोळा लागला वाट्टे, तिच्या बाजूले टेकतो मी. वर्ध्याची अडीचची गाडी लागली नाई ना अजून? तीन वाजाले आले. असंच असते माह्यं. मी येळेवर येतो तवा गाडी येत नाई, अन् गाडी येळेवर येते तवा मी कुठंतरी चपला शोधत असतो.

कोणता माणूस म्हणता? आवो, पिच्चरमधला! थांबा, तुम्हाले पह्यलेपासून सांगतो, तशी बी गाडी काई लवकर येत नाई. मी अंकुश. वर्ध्याले नालवाडीत राह्यतो, तिथंच एका वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो, रजिस्टरवर सह्या घेतो. अन् महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या हॉलात पिच्चर दाखवतो. चारले सुरू, सहाले खल्लास. पडदा म्हणजे पांढरी चादर, तीस-पस्तीस लोकं, अन् चिवडा. निम्मे लोकं चिवड्यासाठीच येतात, खोटं काऊन बोलू. पिच्चर झाला का प्रत्येकानं एका चिठ्ठीवर आपलं मत लिहाचं, नाव नाई टाकाचं, पेढ्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकाची, मंग मी एकेक काढून सगळ्यायपुढं वाचतो. नाव नसते म्हणून लोकं खरं लिहितात. त्यायले वाटते, कोणाले समजते! मले सगळं समजते ना! दहा वर्षापासून त्यायच्या सह्या पाहून राह्यलो, कोणाचा 'र' कसा, कोणाची वेलांटी कशी, झोपेतून उठवून इचारा. पण मी बोलत नाई. बोलत नाई, हीच तर सारी गोठ आहे.

तर हा पिच्चर शोधला मोहिनीनं. मोहिनी म्हणजे आमच्या मधुकरराव सरांची पोरगी, शाळेत इंग्रजी शिकवते, अन् आमच्या पिच्चरचं सारं तीच पाहे. पिच्चर अमेरिकेतला. मी म्हटलं, काळ्या लोकायचा आहे वाट्टे? तर म्हणे, "आफ्रिकन-अमेरिकन म्हण, अंकुश." आफ्रिकन-अमेरिकन तर आफ्रिकन-अमेरिकन, आपल्याले काय! मोठ्या कंपनीचा नाई हं. टेरेन्स नावाचा एक माणूस आहे, त्यानं आपल्याच मोहल्ल्यातले लोकं घेतले, मामाचं दुकान घेतलं, मावशीले अ‍ॅक्टिंगले उभी केली अन् काढला पिच्चर. प्रेमाचा. हसाचा. नाव आपल्या भाषेत, 'दोनदा धुतलेला शर्ट'.

गोठ म्हणाल तर एवढीशी. लोरेटा म्हणून एक बाई, तिचं कपडे धुवाचं दुकान. मशिना लावून ठेवल्या, लोकायनं यावं, नाणं टाकावं, आपले कपडे आपण धुवावे. अन् केल्विन म्हणून बस-डायवर. हा पठ्ठ्या दर रविवारी येते अन् कपडे धुते. धुतलेलेच कपडे पुन्हा धुते! काऊन? काऊन का त्याले बोलता येत नाई, मंग तिथं बसाले काई बहाणा पाह्यजे का नाई? शर्ट धुवून धुवून इटला, रंग उडाला, कॉलर निंघाली, तरी हा आपला मशिनीपुढं बसून तिच्याकडं पाहून राह्यला. मी पह्यल्यांदा पाह्यला ना, मले वाटलं, याले माह्या घरचा पत्ता कोणं देला!

मोहिनीनं टेरेन्स भाऊले मेल केला, का आमच्या इथं दाखवू का. त्यानं लिहिलं, दाखवा, पैसे नको, एकच अट. पिच्चर पाहून तुमचे लोकं काय म्हणाले ते मले जसंच्या तसं लिहून पाठवा. काऊन का त्याच्या इकडं झगडा लागला होता. मोहिनीनं मले नेटवर दाखवलं. तिकडं समीक्षक लोकायचे मार्क वेगळे अन् पब्लिकचे वेगळे. समीक्षकायनं शंभरातून एकेचाळीस देले अन् पब्लिकनं अठ्ठ्याऐंशी! एक समीक्षक लिहिते, "या चित्रपटात काही घडतच नाही, कपडे वाळताना पाहत बसावं लागतं." दुसरा लिहिते, "या समाजाचं खरं दुःख यात कुठं आहे? बंदूक नाही, तुरुंग नाही, नुसतं प्रेम!" आता मले सांगा, त्या लोकायनं सदानकदा बंदुकीच्याच गोठी कराव्या का? एखाद्या रविवारी प्रेम नाई करावं का त्यायनं? तुमच्या मार्कासाठी मरत राहावं का?... अन् एका गोष्टीवर साऱ्या समीक्षकायचं एकमत. शेवटी हिरो सहा मिनिटं बोलते, तिथं कात्री मारा.

पण त्याच्याच खाली तिथल्या एका बाईनं लिहिलं होतं. मोहिनीनं मले अर्थ करून वाचून दाखवलं... "माह्या लग्नाले बावीस वर्षं झाले. माह्या नवऱ्यानं सहा मिनिटं सोडा, साठ सेकंद असं बोललं असतं, तर मी जिंदगीभर त्याचे शर्ट धुतले असते." मोहिनीनं वाचलं अन् माह्याकडं पाह्यलं. हासली नाई, काई नाई. नुसतं पाह्यलं. आता एखाद्या माणसानं काई बोललं असतं ना! मी काय बोललो? मी म्हटलं, "पण सहा मिनिटं कोणी बोलते का?"

आता आमच्या लोकायले ते इंग्रजी कसं समजावं? म्हणून पडद्यावर खाली आपल्या बोलीत अक्षराच्या पट्ट्या टाकाच्या ठरल्या. वऱ्हाडीत! मोहिनी म्हणे, "लोरेटाचं मी लिहिते, केल्विनचं तू लिही." रोज संध्याकाळी पाच ते सात, वाचनालयाच्या कंप्युटरवर, चार महिने. ती मले इंग्रजीचा अर्थ सांगे, अन् मी टाइप करू. म्हणजे पाहा हं, ती लिहे, "शर्ट तर साफ दिसून राह्यला तुमचा." मी लिहू, "आतून मळला आहे जी." ती लिहे, "दर रविवारी आतूनच मळते का?" मी लिहू, "तुमची मशीन चांगली आहे, म्हणून येतो." ती लिहे, "मशीनच चांगली आहे का?"... अन् असं लिहून माह्याकडं पाहे, अन् मी म्हणू, प्रश्नचिन्ह नीट पडलं नाई वाट्टे! चार महिने हो! चार महिने आम्ही दोघं एकमेकायसंग प्रेमाचं बोललो, पण दुसऱ्याच्या नावानं. सात वाजले का ती कंप्युटर बंद करे, मी कुलूप लावू, अन् मंग रस्त्यानं जातानी बोलाचं काय, तर "उद्या लाइट राहीन का?"

होता होता सारा पिच्चर झाला, शेवटचे सहा मिनिटं राह्यले. तिथं काय होते का केल्विन प्रवाशायनं भरलेली बस घेऊन थेट लोरेटाच्या दुकानापुढं येते, कचकन ब्रेक मारते, खाली उतरते अन् बोलते. सहा मिनिटं. मी मोहिनीले म्हटलं, सांग अर्थ. तर म्हणे, "याचा अर्थ मी नाई सांगत. तो काय म्हणून राह्यला ते तुले समजते. तूच लिही. मी पडद्यावरच वाचीन." पर्स घेतली, दारापर्यंत गेली, वापस आली. म्हणे, "कारंज्याचं एक स्थळ आलं आहे. बाबाले म्हटलं, रविवार होऊ द्या, मंग सांगते."

आता एवढं सांगतल्यावर गोट्यालेही समजते. मलेही समजलं! मी येडा आहे का?... येडा असतो तर बरं झालं असतं, निदान आज दोष तरी लागला नसता.

अन् मी लिहिलं! तुम्हाले खोटं वाटन, पण मी लिहिलं. तीन दिवस बसून बावन पट्ट्या लिहिल्या. केल्विन तिकडं इंग्रजीत काय म्हणते देवाले माहीत, मी माह्यंच लिहिलं. "तू सही कराले येते तवा पेन माह्या हातातून घेते, म्हणून मी बाकीचे पेन लपवून ठेवतो." आता लोरेटाच्या दुकानात सहीचं रजिस्टर कुठून आलं? मले त्याचं भान नोतं. "तू वापस केलेलं पुस्तक मी दोन दिवस दुसऱ्या कोणाले देत नाई, बाइंडिंगले गेलं म्हणून सांगतो." कपडे धुवाच्या दुकानात पुस्तकाचं बाइंडिंग! "मले बोलता येत नाई, पण तू समोर नसली का मी तुह्यासंगच बोलत राह्यतो, भाजी निवडतानी, सायकल पुसतानी, रस्त्यानं जातानी, लोकं पाहतात माह्याकडं." असं असं लिहिलं हो... लिहिता लिहिता माह्याच डोळ्याले पाणी आलं, कीबोर्ड दिसे ना.

रविवारी पावणेचारले हॉल भरला. मधुकरराव सर आले, पह्यल्या रांगेत मधात बसले, मांडीवर वही, हातात पेन. मधुकरराव सर म्हणजे नुसता मोहिनीचा बाप नाई, आमच्या इथल्या साप्ताहिकात ते पिच्चरचं परीक्षण लिहितात, अख्खं नालवाडी वाचते. मी म्हटलं, एकदा शेवट तपासून घ्यावं. लॅपटॉप खोलला, शेवटच्या पट्ट्या पाह्यल्या... अन् माह्या पायाखालची जमीन सरकली. बावन पट्ट्यायमंधी सात ठिकाणी 'लोरेटा' लिहाच्या जागी मी 'मोहिनी' लिहून ठेवलं होतं! सात ठिकाणी! "मोहिनी, आयकून घे." "मोहिनी, हास नको." तिच्या बापापुढं, साऱ्या मोहल्ल्यापुढं, चादरीवर एवढ्या एवढ्या अक्षरात!

माणसानं काय करावं? नाव बदलवावं ना! सात नावं, दोन मिनिटाचं काम! हे मले कवा सुचलं माहीत आहे? सोमवारी सकाळी, आंघोळ करतानी. त्या येळेस मी काय केलं... साऱ्या पट्ट्या एकासंगं निवडल्या, अन् पुसून टाकल्या. बावनच्या बावन. मंग खाली रिकामं कसं ठेवावं, म्हणून एक पट्टी लिहिली अन् ताणून सहा मिनिटं लांब केली. "जेवली का?"

हासा, हासा. त्या दिवशी सगळेच हासले. पण मी काय म्हणतो, दुसरं सुचावं तरी काय? माह्या बापानं माह्या मायले जिंदगीभर तेवढंच इचारलं. वावरातून आला का, "जेवली का?" ती दवाखान्यात होती तवा सलाइन चालू होतं, तरी हा आपला, "जेवली का?" आमच्या घरी प्रेम त्याच दोन शब्दात चाले, अन् चाललं चाळीस वर्षं! मंग सहा मिनिटं कोणी बोलते का हो?

तर पिच्चर सुरू झाला. लोकायले आवडला, खूप आवडला. लोरेटाची बहीण तिची वेणी घालते, बारीक बारीक शंभर वेण्या, चार घंटे बसून, तिथं आमची शोभाबाई समोरच्या खुर्चीवर वाकून पाहे. शोभाबाई म्हणजे आमच्या चिवड्याचं मुख्य गिऱ्हाईक. अन् आला शेवट. बस आली, ब्रेक लागला, केल्विन उतरला अन् बोलू लागला. खाली आलं, "जेवली का?" पब्लिक हासलं, छान हासलं. केल्विन बोलूनच राह्यला. खाली, "जेवली का?" दोन मिनिटं झाले, त्यानं टोपी काढली, छातीवर हात ठेवला. "जेवली का?" तीन मिनिटं झाले, बसमधली एक बुढी रडाले लागली, त्याचाही आवाज भरून आला. "जेवली का?" आता हॉलमंधी खुसुरफुसुर! चार मिनिटं झाले, तो रस्त्यावर खाली बसला, रडूनच राह्यला बिचारा, अन् खाली तेच, "जेवली का?" शोभाबाईच्यानं राहावलं नाई, उभी झाली अन् पडद्याकडं हात करून ओरडली, "अवो बाई, सांग ना त्याले जेवली म्हणून! केवढा जीव लावून इचारून राह्यला माणूस!"

मी मागं प्रोजेक्टरपाशी उभा. मोहिनी दाराजवळच्या खुर्चीवर होती. मी तिचा चेहरा पाह्यला नाई, पाठ पाह्यली. पह्यले सरळ होती, मंग हळूहळू वाकत गेली.

मंग चिठ्ठ्या. मी वाचतो ना, मलेच वाचा लागतात! एक चिठ्ठी, "पिच्चर चांगला. बंदूक निंघाली नाई त्याबद्दल आभार, मी नातीले घेऊन आलो होतो." दुसरी, "चार घंटे वेणी घालते तर घरचं कोण करते?" तिसरी, "एवढा साबण वाया घालवू नये." चौथी, "लोकं आपल्यासारखेच आहेत. मावशी तर आमच्या मावशीसारखीच बोलते." पाचवी, "हिरो चांगला आहे पण भेकड आहे. सहा मिनिटं नुसतं जेवण इचारलं, मुद्द्याचं बोलला नाई." सहावी, "बोलाले पाह्यजे होतं." सातवी, "बोलाले पाह्यजे होतं." हो हो, म्हटलं, समजलं... आठवी बी तेच!

मंग मधुकरराव सर उठले. ते चिठ्ठी लिहीत नाईत, उभं राहून बोलतात, चष्मा काढून, छापल्यासारखं. "प्रस्तुत चित्रपट सामान्य माणसाच्या निःशब्द प्रेमाचा एक प्रांजळ दस्तऐवज आहे. तथापि दोन आक्षेप. एक, सार्वजनिक वाहन सहा मिनिटे थांबवणे हे बेजबाबदारपणाचे आहे. दोन, नायकाचे मौन. हा मनुष्य सद्वर्तनी आहे, निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे..." अन् असं म्हणता म्हणता त्यायनं वही बंद केली, माह्याकडं पाह्यलं, अन् छापल्यासारखं बोलणं सुटलंच त्यायचं. म्हणे, "अरे, पोरीचा बाप नाई कशाले म्हणन? देऊन टाकन ना पोरगी! पण मागून तर पाह्य लेका!"

...साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. काकाजी, सांगा मले, माणसानं स्वतःच्या तेरवीचं जेवण कधी वाढलं आहे का? मी त्या दिवशी वाढलं.

डब्यात एकच चिठ्ठी राह्यली होती. खोलली. अक्षर पाह्यलं अन् समजलं. 'ज'चं पोट तिच्यासारखं कोणीच काढत नाई. एकच शब्द होता. मी वाचला, मोठ्यानं वाचला, वाचाच लागते. "जेवली."

हॉल असा हासला म्हणता! शोभाबाईच्या डोळ्याले पाणी आलं हासून. म्हणे, "वा! हिरोइनच्या मनातलं लिहिलं कोणंतरी!" सारे लोकं एकमेकायकडं पाहून इचारत, कोणं लिहिलं, कोणं लिहिलं. मले माहीत होतं. मी बोललो नाई.

लोकं गेले. आम्ही दोघं खुर्च्या एकावर एक लावून राह्यलो होतो. मोहिनी म्हणे, "अंकुश, त्या बसमधल्या लोकायनं सहा मिनिटं थांबून त्याचं आयकलं. मी चार महिने थांबली." मी आणखी एक खुर्ची वर लावली. ती म्हणे, "कारंज्याचे लोकं उद्या उत्तर मागून राह्यले." आवाज चढवला नाई, रडली नाई, काई नाई. खुर्ची हातात धरून उभी राह्यली. ती येळ होती हो! सहा मिनिटं काय, सहा सेकंद पुरले असते! बावन पट्ट्या पाठ होत्या मले, एकेक शब्द! मी तोंड उघडलं, अन् म्हटलं, "खुर्च्या मोजून घेतो, मागच्या बारीले एक कमी भरली होती."

तिनं हातातली खुर्ची माह्याकडं देली अन् गेली.

पण पोरगी पाहा कशी! टेरेन्स भाऊची अट होती ना, जसंच्या तसं पाठवा? दुसऱ्या दिवशी तिनं साऱ्या चिठ्ठ्या इंग्रजीत करून आणून देल्या. आपलीही देली. काईच लपवलं नाई. मी पाठवल्या. आठ दिवसानं त्याचं उत्तर आलं. आता इंग्रजी वाचाले मोहिनी नोती, मोबाइलवर मराठीत फिरवून वाचलं. तो म्हणे, "भाऊ, अमेरिकेतले सारे समीक्षक म्हणतात, माहा हिरो शेवटी लय बोलते. अन् तुमच्या गावचे लोकं एका सुरात म्हणतात, तो बोललाच नाई. तुम्ही पिच्चर कोणता दाखवला?"

मी त्याले खरं लिहिलं. तिकडं दूर आहे, तोंड दिसत नाई, म्हणून सारं लिहून टाकलं. त्याचं लगेच उत्तर आलं. म्हणे, "लोरेटा खरीच आहे. मीबी तिले बोललो नोतो. म्हणून तर मले पिच्चर काढा लागला." मी इचारलं, मंग तिनं पाह्यला का? म्हणे, "पाह्यला. नवऱ्यासंग आली होती. मी इचारलं, कसा वाटला. म्हणे, छान आहे, पण हिरो फार बोलते."

आता सांगा! बोललं तर लय बोलते, नाई बोललं तर काऊन नाई बोलला! मंग मी म्हणतो ते काय चूक आहे, सहा मिनिटं कोणी बोलते का हो?

...आज लग्न होतं. इथंच, कारंज्याले, त्या हायवेकडच्या हॉलात. तिथूनच येऊन राह्यलो. पोरगा चांगला आहे, खोटं काऊन बोलू. कृषी केंद्र आहे त्याचं. अन् बोलते किती! मी लिफाफा द्याले स्टेजवर गेलो तर माहा हातच सोडे ना, "तुम्हीच का अंकुश भाऊ पिच्चरवाले? हिनं सांगतलं मले, आम्हालेही दाखवा ना एखाद दिवस, इथं बी हॉल आहे, खुर्च्या मी देतो..." मागं रांग उभी, फोटोवाला ओरडून राह्यला, अन् हा बोलून राह्यला. मनात म्हटलं, घ्या! हा सहा मिनिटं सहज बोलते. हा बस काय, आगगाडी थांबवन!

मोहिनी हिरव्या शालूत. हातभर चुडा, कपाळाले मुंडावळ्या. मले वाटलं, पाहीन नाई माह्याकडं. पाह्यलं. चांगलं पाह्यलं. साऱ्या पाहुण्यायले नवरी जे इचारते तेच तिनं मले इचारलं.

"जेवला का?"

मी म्हटलं, "हो."

म्हणे, "पोटभर ना?"

म्हटलं, "हो, पोटभर."

खाली आलो, पंगत बसून राह्यली होती, आलू-वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, मठ्ठा, साऱ्याचा वास येऊन राह्यला होता. मधुकरराव सरांनी हाताले धरलं, "बस अंकुश, बस," म्हणे. म्हटलं, जेवलो सर. चपला शोधल्या अन् निंघालो. माणसानं एका घरचं नाई जेवलं तर काई मरत नाई, पण... जाऊ द्या. खूप दुखते हो, काकाजी. इथं, छातीच्या मधात दुखते. अन् हे आतापर्यंत मी तोंडानं कोणालेच सांगतलं नाई, तुम्हालेच सांगून राह्यलो, तुमचं नाव माहीत ना गाव.

किती वाजले?... किती? म्हणजे मी इथं बसल्यापासून... पाऊण घंटा? मी? पाऊण घंटा एका लायनीत बोललो? बस स्टँडवर, अनोळखी लोकायपुढं, पाणी न पेता?... अन् तिथं सहाच मिनिटं पाह्यजे होते!

काय म्हणता, माय? तुम्ही कवापासून आयकून राह्यल्या? मले वाटलं डोळा लागला तुमचा... काय?

जेवला का इचारता?

...

नाई. नाई जेवलो, माय. तिले हो म्हटलं, पण नाई जेवलो. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाई. नको नको, तुमची भाकर तुम्हाले... बरं, अर्धी द्या. ठेचा आहे का? द्या. पाहा काकाजी, पाहा, दोन शब्दातही होते ना! इचारणाऱ्यानं इचारलं अन्...

अन् आली गाडी! आताच! आवो साहेब, ओ कंडक्टर साहेब, बेल नका मारू! मी आहे, वर्ध्याचा, चढतोच आहे! ह्या मायनं आताच गठुडं सोडलं, तिचं गठुडं बांधू द्या, एक घास खाऊ द्या, थांबा ना थोडं! फक्त सहा मिनिटं थांबा!... काय म्हणता?

"सहा मिनिटं कोणी थांबते का हो?"

...थांबते, साहेब. एक जण चार महिने थांबली होती.

चाला. एक वर्धा द्या.